तूट तिजोरीतली, नेम संघटनेवर : विस्कॉन्सिनचा 'अ‍ॅक्ट १०' आणि सरकारी कर्मचाऱ्यांचे वाटाघाटीचे हक्क

नोंदवही

सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामूहिक वाटाघाटींवर निर्बंध आणताना अमेरिकेतील राज्यकर्ते बहुधा एकच कारण पुढे करतात : तिजोरीत खडखडाट आहे. हे कारण दर वेळी खोटे असते असे नाही. परंतु अशा कायद्यांची कलमे एकेक करून वाचली, तर त्यांतली काही पैसे वाचवतात आणि काही छदामही वाचवत नाहीत, असे आढळते. राजकीय हेतू शोधायचा असेल तर तो या दुसऱ्या प्रकारच्या कलमांत शोधावा, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी विस्कॉन्सिन राज्याच्या २०११ सालच्या 'अ‍ॅक्ट १०' इतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांना वाटाघाटींचा हक्क कायद्याने देणारे विस्कॉन्सिन हे अमेरिकेतील पहिले राज्य. ते १९५९ साली, गव्हर्नर गेलॉर्ड नेल्सन यांच्या कारकिर्दीत घडले. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मोठ्या राष्ट्रीय संघटनांपैकी एक असलेल्या 'अ‍ॅफ्स्मी'चा उगमही याच राज्याच्या राजधानीत, मॅडिसनमध्ये, १९३२ साली झाला. नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने गव्हर्नरपद आणि विधिमंडळाची दोन्ही सभागृहे एकदमच जिंकली, आणि नवे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी ११ फेब्रुवारी २०११ रोजी 'अर्थसंकल्प दुरुस्ती विधेयक' जाहीर केले. चालू वर्षातली तूट सुमारे १३.७ कोटी डॉलर आणि पुढील दोन वर्षांची अंदाजित तूट सुमारे ३६० कोटी डॉलर, हे त्याचे जाहीर कारण होते.

आता कलमांकडे वळू. पैसे वाचवणारी मुख्य कलमे दोन होती. कर्मचाऱ्यांनी निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचा निम्मा भाग, म्हणजे त्या वेळी पगाराच्या सुमारे ५.८ टक्के, स्वतः भरावा, आणि आरोग्य विम्याच्या हप्त्याचा किमान १२.६ टक्के भार उचलावा. वर्षाला ५०,००० डॉलर मिळवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातून केवळ पहिल्या कलमामुळे २,९०० डॉलर जाणार होते, तेव्हा हा काही किरकोळ घाव नव्हता. तरीही संघटनांच्या राज्यस्तरीय नेत्यांनी आठवडाभरातच जाहीर केले की या दोन्ही आर्थिक अटी आम्हाला मान्य आहेत, फक्त वाटाघाटींचा हक्क शाबूत ठेवा. गव्हर्नरांनी तो प्रस्ताव नाकारला. मागितलेले पैसे मिळत असताना तेवढ्यावर थांबायचे नाही, असे ज्याने ठरवले त्याला पैशांखेरीज आणखी काही हवे होते, एवढे तरी यावरून मान्य करावे लागते.

ते आणखी काही काय होते? वाटाघाटी फक्त मूळ पगारापुरत्या ठेवण्यात आल्या, म्हणजे कामाचे तास, सुरक्षितता, वर्गातील विद्यार्थिसंख्या, तक्रार निवारण हे सारे विषय बाद झाले. मूळ पगारातील वाढही महागाई निर्देशांकापेक्षा जास्त द्यायची झाल्यास सार्वमत घेणे आवश्यक ठरले. करारांची मुदत एक वर्षावर आली. संघटनेची वर्गणी पगारातून परस्पर कापून देण्याची पद्धत बंद झाली. आणि प्रत्येक संघटनेला आपली मान्यता टिकवण्यासाठी दर वर्षी मतदानाला सामोरे जाणे भाग पडले.

या शेवटच्या कलमाची मेख नीट पाहण्यासारखी आहे. मान्यतेसाठी मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने भागत नाही, त्या गटातील एकूण कर्मचाऱ्यांच्या ५१ टक्के मते लागतात. समजा, एखाद्या शाळा मंडळात २०० शिक्षक आहेत. त्यांपैकी १५० जणांनी मतदान केले, १०० संघटनेच्या बाजूने आणि ५० विरुद्ध पडली. दोन तृतीयांश बहुमत मिळूनही संघटना हरते, कारण तिला १०२ मते हवी होती. जो मतदानाला आलाच नाही, त्याचे मत विरोधात धरले जाते. या मतदानाचे शुल्कही संघटनेनेच भरायचे. विस्कॉन्सिनमधील मतदानास पात्र नागरिकांच्या एकूण संख्येवर हाच निकष लावला असता, तर स्वतः वॉकर २०१० साली निवडून आले नसते.

या वार्षिक मतदानाने राज्याचे किती पैसे वाचतात, असा प्रश्न १४ एप्रिल २०११ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे त्या गृहाचे सदस्य डेनिस कुसिनिच यांनी वॉकर यांना विचारला. थोडी टाळाटाळ झाल्यावर वॉकर यांनी उत्तर दिले की त्यातून काहीही वाचत नाही. त्याआधी, मार्चमध्ये, विस्कॉन्सिनच्या सिनेटमधील बहुमताचे नेते स्कॉट फिट्झजेराल्ड दूरचित्रवाणीवर म्हणाले होते की आम्ही ही लढाई जिंकलो आणि संघटनांकडचा पैसा आटला, तर ओबामांना विस्कॉन्सिन जिंकणे पुष्कळच अवघड जाईल. हेतू इतक्या उघडपणे बोलून दाखवण्याचे प्रसंग राजकारणात विरळाच.

निवडणुकीचे गणित हा एकमेव हेतू होता, असे मी म्हणत नाही. बाजारपेठेवरच्या श्रद्धेतून येणारा तात्त्विक विरोध आणि कारभार मोकळ्या हाताने चालवण्याची इच्छा हीदेखील त्यात होती. माझा मुद्दा त्यांच्या प्रमाणाचा आहे.

हिशेबनीस

लेख मुद्देसूद आहे, तथापि तो एका बाजूचे कागद उघडून दुसरी बाजू बासनात ठेवतो.

वॉकर गव्हर्नर होण्यापूर्वी २००२ पासून मिलवॉकी काउंटीचे प्रमुख होते, आणि ते पद रिकामे झाले होते निवृत्तिवेतनाच्या घोटाळ्यामुळे. काउंटीने अधिकाऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना इतके उदार लाभ मंजूर केले होते की काहींना निवृत्तीच्या वेळी प्रचंड एकरकमी रक्कम मिळणार होती. लोक खवळले आणि तत्कालीन प्रमुखांना पद सोडावे लागले. त्या रोषावर स्वार होऊन आलेल्या माणसाला 'सरकार आणि कर्मचारी टेबलाच्या एकाच बाजूला बसून करदात्यांचे पैसे वाटून घेतात' असे मनापासून वाटत असेल, तर त्यामागे केवळ मतपेटीचे गणित पाहणे योग्य नाही.

दुसरे असे की आर्थिक सवलती मान्य केल्या होत्या त्या राज्यस्तरीय नेत्यांनी. प्रत्यक्ष करार करतात त्या गावोगावच्या स्थानिक संघटना. त्यांच्यावर राज्यस्तरीय नेत्यांचा शब्द बंधनकारक नव्हता, आणि विधेयक चर्चेत असतानाच काही ठिकाणी सवलतींशिवायचे करार घाईघाईने उरकले जात होते. वॉकर यांचा त्या वेळचा युक्तिवाद हाच होता आणि तो पोकळ नव्हता.

तिसरे उदाहरण शाळांच्या आरोग्य विम्याचे. शिक्षक संघटनेनेच १९७० साली उभ्या केलेल्या 'डब्ल्यूईए ट्रस्ट' या संस्थेकडून विमा घेण्याची अट अनेक शाळा मंडळांच्या करारांत होती. विमा वाटाघाटींतून बाहेर पडल्यावर अनेक मंडळांनी दुसरीकडे चौकशी केली आणि हप्ते खाली आले. वाटाघाटींची व्याप्ती कमी केल्याने पैसे वाचत नाहीत, हे आपले गृहीतक येथे टिकत नाही.

आणि चौथे, फ्रँकलिन रूझवेल्ट. कामगारांचा एवढा मोठा कैवारी दुसरा अध्यक्ष झाला नाही, पण सामूहिक वाटाघाटी जशाच्या तशा सरकारी सेवेत आणता येणार नाहीत, असे १९३७ साली त्यांनीच लिहून ठेवले आहे.

तळघर

रूझवेल्ट यांचे ते पत्र या वादात इतक्या वेळा फेकले जाते की त्याचा संदर्भ एकदा मांडणे आवश्यक वाटते. ते १६ ऑगस्ट १९३७ रोजी केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष ल्यूथर स्टीवर्ड यांना लिहिलेले आहे. संघटना स्थापन करणे स्वाभाविक आहे, हे त्यात मान्य केलेले आहे. कठोर शब्द आहेत ते प्रामुख्याने सरकारविरुद्धच्या संपाबद्दल. खासगी क्षेत्रातील कामगारांना वाटाघाटींचा हक्क देणाऱ्या, दोन वर्षांपूर्वीच झालेल्या वॅग्नर कायद्यानेही सरकारी कर्मचाऱ्यांना वगळले होते. म्हणजे त्या काळात दोन्ही पक्षांत यावर फारसे दुमत नव्हते. १९१९ सालच्या बॉस्टन पोलिसांच्या संपात, सार्वजनिक सुरक्षेविरुद्ध संप करण्याचा अधिकार कोणालाही, कोठेही, केव्हाही नाही, अशी भूमिका घेऊन मॅसॅच्युसेट्सचे तेव्हाचे गव्हर्नर कॅल्विन कूलिज राष्ट्रीय पातळीवर पोहोचले, ही आठवणही तेव्हा ताजी होती.

केनेडींनी जानेवारी १९६२ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांना मर्यादित वाटाघाटींचा हक्क कार्यकारी आदेशाने दिला आणि १९७८ साली तो कायद्यात आला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की विस्कॉन्सिनने ज्या १९५९ साली हक्क दिला, त्याच साली नॉर्थ कॅरोलायनाने असे करार करण्यास बंदी घातली, आणि ती बंदी आजही आहे. तिचे तात्कालिक निमित्त होते शार्लटच्या पोलिसांना टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या मोठ्या कामगार संघटनेने सभासद करून घेण्याचा प्रयत्न. म्हणजे १९३७ चे एकमत १९५९ पर्यंत फुटले होते. त्यानंतर कोणते राज्य कोणत्या बाजूला गेले, हे तत्त्वाने कमी आणि तेथील राजकारणाने अधिक ठरले.

मेंडोटाकाठ

मी त्या हिवाळ्यात मॅडिसनच्या विद्यापीठात संशोधन करीत होतो आणि अध्यापन साहाय्यक म्हणून पगार घेत होतो, त्यामुळे या कायद्याच्या कक्षेत मीही होतो.

आंदोलनाची सुरुवात मोठ्या कामगार नेत्यांनी केली असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात १४ फेब्रुवारीला अध्यापन साहाय्यकांची संघटना विद्यापीठाच्या निधिकपातीविरुद्ध प्रेमदिनाची पत्रे घेऊन विधानभवनावर गेली, आणि तो कार्यक्रम विधेयकाच्या आधीच ठरलेला होता. पुढच्या दोनतीन दिवसांत शिक्षक आले, शाळा बंद पडल्या आणि विधानभवनाच्या घुमटाखालच्या संगमरवरी फरशीवर लोक झोपू लागले. ढोलांचा आवाज सभागृहाच्या दारापर्यंत अखंड पोहोचत असे. जवळच्या एका पिझ्झाच्या दुकानात देशोदेशींहून, अगदी इजिप्तमधूनही, पैसे भरून आंदोलकांसाठी मागण्या नोंदवल्या जात होत्या.

सर्वांत जास्त टाळ्या पडत त्या अग्निशमन दलाच्या जवानांना. ते पूर्ण गणवेशात, बॅगपाइप वाजवत आत येत. कायद्यातून बहुतेक पोलिसांबरोबर त्यांनाही वगळले होते, त्यांचे काहीही जाणार नव्हते, आणि तरीही ते येत होते. ज्याने कोणी हे वगळण्याचे गणित मांडले असेल, त्याचा हिशेब येथे काही अंशी चुकला.

एक तांत्रिक खुलासाही करतो, कारण यावर दोन्हीकडून ढोबळ विधाने केली जातात. सिनेटमध्ये एकूण ३३ जागा, त्यांपैकी १९ रिपब्लिकनांकडे. आर्थिक विधेयकासाठी २० सदस्यांची उपस्थिती आवश्यक होती, म्हणून १४ डेमोक्रॅट सदस्य १७ फेब्रुवारीला सीमा ओलांडून इलिनॉयमध्ये जाऊन राहिले. तीन आठवडे कोंडी झाल्यावर ९ मार्चच्या संध्याकाळी, ज्या भागांसाठी वाढीव गणसंख्या लागते ते निधिवाटपाचे आणि कर्जाच्या फेरमांडणीचे भाग विधेयकातून काढून टाकण्यात आले आणि उरलेले विधेयक १८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले. कर्मचाऱ्यांच्या वाढीव वर्गणीची कलमे मात्र त्यात कायम होती, म्हणून 'आर्थिक भाग पूर्ण गाळला' असे म्हणणे बरोबर नाही. पण ज्या दुरुस्तीच्या नावाने विधेयक आले होते, तिच्यातला तातडीचा भाग बाजूला ठेवून वाटाघाटींवरचे निर्बंध आधी रेटून नेण्यात आले, हेही तितकेच खरे आहे. दोन दिवसांनी त्यावर सही झाली.

नोंदवही

हिशेबनीस, आपला विम्याचा मुद्दा मला मान्य आहे. विमा वाटाघाटींतून काढणे हे पैसे वाचवणारे कलम होते आणि ते मी पहिल्या गटात धरायला हरकत नाही. परंतु वर्गणीची कपात बंद करणे आणि वार्षिक मतदान यांना आपल्या चारही मुद्द्यांनी स्पर्श केलेला नाही. स्थानिक संघटना सवलती देणार नाहीत अशी धास्ती होती, तर निवृत्तिवेतनाची आणि विम्याची टक्केवारी कायद्यानेच ठरवून टाकली होती. तेवढ्याने ती धास्ती मिटत होती.

वर्गणीच्या कपातीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ही बाब फार रुक्ष वाटते आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. १९६८ साली मेम्फिसच्या सफाई कामगारांनी संप केला, तो दोन सहकारी कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेल्यानंतर. सुमारे १,३०० कृष्णवर्णीय कामगार रस्त्यावर होते. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासाठी तेथे गेले आणि ४ एप्रिलला तेथेच त्यांची हत्या झाली. या संपात महापौर हेन्री लोब ज्या गोष्टींवर शेवटपर्यंत अडून बसले होते, त्यांत संघटनेला मान्यता आणि वर्गणीची पगारातून कपात या दोन प्रमुख होत्या. १६ एप्रिलला तडजोड झाली तीही कपात थेट पालिकेने न करता कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेमार्फत करावी, अशी पळवाट काढून. कपात करायला पालिकेला जवळजवळ काहीच खर्च नव्हता. महापौरांना आणि संघटनेलाही पक्के ठाऊक होते की दर महिन्याला दारोदार जाऊन वर्गणी गोळा करणारी संघटना फार काळ जगत नाही. ४३ वर्षांनंतर मॅडिसनमध्ये नेमकी हीच नस पकडण्यात आली.

परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. विस्कॉन्सिनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचे संघटनांतील प्रमाण काही वर्षांतच निम्म्याहून खाली आले. राज्यातील सर्वांत मोठ्या शिक्षक संघटनेचे कायद्यापूर्वी जवळपास एक लाख सभासद होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक गळाले.

शंकेखोर

दोन शंका आहेत.

पहिली : निवडणूक हाच मुख्य हेतू असेल, तर तो सपशेल फसला म्हणायचे का? ओबामांनी २०१२ साली विस्कॉन्सिन जिंकलेच. उलट वॉकर यांना परत बोलावण्यासाठी ५ जून २०१२ रोजी झालेल्या निवडणुकीत तेच सुमारे ५३ टक्के मते घेऊन टिकले. लोकांना कायदा इतका अन्यायकारक वाटला असता, तर त्यांनी तेव्हाच घरी पाठवले असते.

दुसरी : डेमोक्रॅट सत्ताधाऱ्यांनीही हेच केलेले आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये २०११ साली विधिमंडळ आणि गव्हर्नर दोन्ही डेमोक्रॅट असताना पालिका कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यावरील वाटाघाटींना कात्री लावण्यात आली. त्याच वर्षी न्यू जर्सीत रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांचा निवृत्तिवेतन आणि विम्याचा कायदा डेमोक्रॅटांच्या ताब्यातील विधिमंडळाने मंजूर केला, आणि त्यात पुढाकार घेणारे सिनेटचे अध्यक्ष स्टीफन स्वीनी हे स्वतः कामगार संघटनेचे पदाधिकारी. त्यांनाही संघटना मोडायच्या होत्या काय?

नोंदवही

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ती माझ्या बाजूने जाते असे मला वाटते. मॅसॅच्युसेट्सचा आणि न्यू जर्सीचा कायदा काढून पाहा. विमा आणि निवृत्तिवेतन या पैशांच्या विषयांवर त्यांनी वाटाघाटी आवळल्या. वर्गणीच्या कपातीला हात लावला नाही, दर वर्षीच्या मतदानाची पाचर मारली नाही. म्हणजे ज्यांना खरोखर फक्त पैसे वाचवायचे होते, त्यांनी कोणती कलमे लिहिली असती याचा नमुना त्याच वर्षी, शेजारच्या टेबलावर उपलब्ध होता.

पहिल्या शंकेबद्दल एवढेच की हेतू असणे आणि तो लगेच सफल होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. फायगनबॉम, हर्टेल-फर्नांडेझ आणि विल्यमसन या तीन अभ्यासकांनी सक्तीची वर्गणी रद्द करणाऱ्या 'राइट टू वर्क' कायद्यांचा अभ्यास राज्यांच्या सीमेलगतच्या काउंट्यांची तुलना करून केला. असा कायदा झालेल्या बाजूला अध्यक्षीय निवडणुकीतील डेमोक्रॅट पक्षाचा मतांतील वाटा सरासरी सुमारे साडेतीन टक्के-बिंदूंनी घटल्याचे त्यांना आढळले. तो अभ्यास केवळ सरकारी कर्मचाऱ्यांचा नाही, हे खरे. पण संघटना दुबळी झाली की घरोघरी जाऊन मतदार बाहेर काढणारे हात कमी होतात, हे त्यातून दिसते. विस्कॉन्सिनमधले २०१६ चे मताधिक्य २३,००० हूनही कमी होते. ते याच कायद्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही, परंतु एवढ्या तोळामासा फरकाच्या राज्यात अशा हातांची किंमत दोन्ही पक्षांना ठाऊक असते. खासगी क्षेत्रातील संघटना आटत गेल्याने २००९ साली देशात प्रथमच सरकारी क्षेत्रातील संघटित कामगारांची संख्या खासगी क्षेत्रापेक्षा जास्त झाली होती. डेमोक्रॅटांच्या पाठीशी उभी असलेली संघटित कामगारशक्ती त्यानंतर मुख्यतः कोठे उरली होती, हे समजायला राजकीय पंडित असण्याची गरज नव्हती.

आणि वॉकर यांचे स्वतःचे शब्दही आहेत. जानेवारी २०११ मध्ये, म्हणजे विधेयक मांडण्याच्या आधी, बेलॉइट येथे डायेन हेंड्रिक्स या अब्जाधीश देणगीदार बाईंनी त्यांना विचारले की हे राज्य पूर्णपणे 'राइट टू वर्क' कधी होणार. पहिले पाऊल म्हणून आम्ही सरकारी कर्मचाऱ्यांच्या वाटाघाटींचा समाचार घेणार आहोत, कारण फोडा आणि झोडा हीच रीत आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ते चित्रीकरण मे २०१२ मध्ये बाहेर आले. खासगी क्षेत्रासाठीच्या 'राइट टू वर्क' कायद्यावर त्यांनी मार्च २०१५ मध्ये सही केली. पहिले पाऊल आणि दुसरे पाऊल यांत चार वर्षे गेली, दिशा बदलली नाही.

सांजवेळ

फोडा आणि झोडा यावरून ओहायोची आठवण झाली. तेथे गव्हर्नर जॉन केसिक यांनी ३१ मार्च २०११ रोजी असाच कायदा केला, मात्र त्यात पोलीस आणि अग्निशमन दलालाही ओढले. ओहायोत विधिमंडळाचा कायदा सार्वमताने रद्द करता येतो, विस्कॉन्सिनमध्ये तशी सोय नाही. नोव्हेंबरमध्ये सुमारे ६१ टक्के मतदारांनी तो कायदा फेटाळला. प्रचाराच्या जाहिरातींत अग्निशामक आणि पोलीस पुढे होते, आणि त्यांच्याविरुद्ध मत द्यायला काठावरचा मतदार तयार नव्हता. पुढे आयोवाने २०१७ साली आणि फ्लोरिडाने २०२३ साली कायदे करताना सुरक्षा दलांना सांभाळून घेतले, तो धडा ओहायोचाच असावा. युटाने २०२५ मध्ये तो धडा विसरून सरसकट बंदी आणली, तर संघटनांनी सार्वमतासाठी आवश्यकतेपेक्षा कितीतरी जास्त स्वाक्षऱ्या जमवल्या.

तळघर

केंद्र सरकारचे उदाहरण या धाग्यात अजून आलेले नाही, आणि नोंदवही यांच्या कसोटीसाठी ते फार उपयुक्त आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांचे पगार साधारणपणे काँग्रेस ठरवते, त्यांना संपाची बंदी आहे, आणि १९७८ च्या कायद्याखाली बहुतेकांना पगारावर वाटाघाटी करताच येत नाहीत. त्यामुळे तिजोरीचे कारण देण्याची तेथे फारशी सोयच नाही.

२७ मार्च २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी त्या कायद्यातील राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद वापरून माजी सैनिकांच्या कल्याणाचे खाते, पर्यावरण संरक्षण संस्था, अर्थखात्याचा मोठा भाग अशा अनेक ठिकाणचे वाटाघाटींचे हक्क काढून घेतले. माजी सैनिकांच्या रुग्णालयातील परिचारिकेने पाळ्यांच्या वेळापत्रकावर बोलणी केल्याने राष्ट्राची सुरक्षा कशी धोक्यात येते, हे मला उमगलेले नाही. व्हाइट हाउसच्या त्या दिवशीच्या निवेदनाने मात्र ते कोडे सोडवले. काही केंद्रीय संघटनांनी अध्यक्षांच्या कार्यक्रमाविरुद्ध युद्ध पुकारले आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पोलीस आणि अग्निशामक येथेही वगळलेले.

निष्ठेने कायमचे संरक्षण मिळते असे मात्र कोणी समजू नये. हवाई वाहतूक नियंत्रकांच्या 'पॅट्को' संघटनेने १९८० साली रेगन यांना पाठिंबा दिला होता. ऑगस्ट १९८१ मध्ये तिने बेकायदा संप केला, तेव्हा रेगन यांनी दोन दिवसांत ११,३४५ जणांना बडतर्फ केले.

उत्तरा

वाटाघाटी गेल्यावर शाळांत काय झाले, यावर बार्बरा बियासी यांचे संशोधन वाचण्यासारखे आहे. शाळा मंडळांना शिक्षकांचा पगार एकेकट्याने ठरवण्याची मुभा मिळाली. जेथे ती वापरली गेली तेथे चांगल्या निकालांचे शिक्षक आकर्षित झाले, हे एक निरीक्षण. दुसरे, हेदर सार्सन्स यांच्यासोबत केलेले, असे की त्याच मुभेमुळे शिक्षक आणि शिक्षिका यांच्या पगारांतील दरी वाढली. ज्यांना हा कायदा निव्वळ सूडबुद्धीचा किंवा निव्वळ सुधारणेचा वाटतो, त्या दोघांचीही यातून गैरसोय होते.

हिशेबनीस

चर्चा वाचून माझे मत थोडे सरकले आहे, फार नाही. वार्षिक मतदानाची ५१ टक्क्यांची अट जाचक आहे, हे मान्य. परंतु तिनेच संघटना मरतात असे नाही. आयोवात जवळपास तशीच अट आहे आणि तेथे संघटनांनी मेहनत घेऊन बहुसंख्य ठिकाणी मान्यता टिकवली आहे.

वर्गणीच्या बाबतीत मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. २७ जून २०१८ च्या 'जेनस' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी १९७७ चा स्वतःचाच निर्णय फिरवला आणि सभासद नसलेल्या सरकारी कर्मचाऱ्याकडून वाटाघाटींचा खर्च म्हणून शुल्क घेणे घटनाबाह्य ठरवले. सरकारशी पगाराची बोलणी करणे हेच मुळात राजकीय मतप्रदर्शन आहे, असे त्यामागचे तर्कशास्त्र. ते स्वीकारले, तर कर्मचाऱ्याच्या इच्छेविरुद्ध राजकीय कार्याला त्याचा पैसा जाऊ न देणे हा अत्यंत प्रामाणिक हेतू ठरतो.

नोंदवही

सक्तीच्या शुल्काबाबत तो हेतू प्रामाणिक असू शकतो, यात वाद नाही. पण अ‍ॅक्ट १० ने स्वतःहून सभासद झालेल्याने, स्वतःच्या सहीने, स्वतःच्या पगारातून वर्गणी कापून घेण्यासही मनाई केली. तेथे कोणाची सक्ती उठवली गेली?

शिवाय ज्या संघटनांना वगळले, त्यांची वर्गणी पूर्वीसारखीच कापली जात राहिली. तत्त्व इतके मोलाचे होते, तर ते पोलिसांच्या पगारपत्रकापाशी येऊन का थांबले? २०१० साली राज्यस्तरीय अग्निशामक संघटनेने वॉकर यांच्या प्रतिस्पर्ध्याला पाठिंबा दिला होता, तर मिलवॉकीच्या पोलीस आणि अग्निशामक संघटनांनी वॉकर यांना. त्यामुळे 'पाठिंबा दिला म्हणून वगळले' असे सरळ समीकरण मी मांडत नाही. परंतु मार्च २०१२ मध्ये केंद्रीय जिल्हा न्यायाधीश विल्यम कॉनली यांनी वगळलेल्या आणि पाठिंबा देणाऱ्या संघटनांमधील हे साम्य नोंदवून वार्षिक मतदान आणि कपातबंदी ही दोन्ही कलमे रद्द केली होती. जानेवारी २०१३ मध्ये अपील न्यायालयाने कायदा पूर्ववत केला. वर्गीकरणाला काहीतरी तर्कसंगत आधार दाखवता येत असेल, तर त्यामागे राजकीय पक्षपात असला तरी कायदा त्याने घटनाबाह्य ठरत नाही, अशी ती भूमिका होती. हेतू सिद्ध झाला असता तरी न्यायालयात त्याचा उपयोग नव्हता.

हिशेबनीस

मग आपल्या साऱ्या खटाटोपाचा निष्कर्ष काय? न्यायालयाला हेतूशी कर्तव्य नाही आणि मतदारांनी २०१२ साली आपला कौल दिला.

मेंडोटाकाठ

न्यायालयाचा विषय तेथे संपलेला नाही. २ डिसेंबर २०२४ रोजी डेन काउंटीचे न्यायाधीश जेकब फ्रॉस्ट यांनी राज्यघटनेच्या समान संरक्षणाच्या तत्त्वावर या कायद्याचा मोठा भाग रद्द ठरवला, आणि त्यावर अपील झाले. त्यांनी बोट ठेवले ते वर्गवारीतील विसंगतीवरच : महामार्गावरचा गस्ती शिपाई सार्वजनिक सुरक्षेच्या वर्गात, आणि विधानभवनाचे पोलीस, विद्यापीठाचे पोलीस, बंदूक बाळगून अटक करू शकणारे वन्यजीव रक्षक हे मात्र सर्वसाधारण वर्गात. २०११ च्या त्या रात्री आम्ही ज्यांच्या नजरेसमोर फरशीवर झोपत होतो, ते विधानभवनाचे पोलीसही आमच्याइतकेच या कायद्याखाली आले होते.

शंकेखोर

ही विसंगती काढून टाकायला विधिमंडळापुढे दोन वाटा असतात. एक, सर्वांना हक्क परत देणे. दुसरी, गस्ती शिपाई आणि अग्निशामकांनाही त्याच कायद्याखाली आणणे, म्हणजे ओहायोने केले तसे. समानतेच्या आणि बचतीच्या युक्तिवादावर ज्यांचा खरोखर विश्वास आहे, त्यांना दुसरी वाट तर्कशुद्ध वाटायला हवी. हिशेबनीस, आपण त्या वाटेला पाठिंबा द्याल का?

हिशेबनीस

तत्त्वतः होय. निवडणुकीच्या वर्षात नाही.